शेवटचे आठ किलोमीटर

२०२२च्या सप्टेंबरात आम्ही चौघं मेन राज्यातल्या कटाडिन डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. तेरा वर्षं आम्ही अपॅलेचियन ट्रेल तुकड्यातुकड्याने चालत होतो, आणि आता फक्त तो डोंगर उरला होता. कटाडिन स्ट्रीमच्या तळापासून माथ्यापर्यंत आठ किलोमीटरांहून थोडं जास्त अंतर. हवा स्वच्छ होती, माथा दिसत होता, पाणी भरलेलं होतं, पाय शाबूत होते. आम्ही ओढ्यात पाय बुडवून बसलो, बराच वेळ वर पाहिलं, आणि गाडीत बसून न्यू जर्सीला परत आलो.

आमच्यातला पाचवा तेव्हा नाशिकला होता. त्याच्याशिवाय वर जायचं नाही असं ठरलं होतं.

तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण तेव्हा ज्या कारणांसाठी बरोबर वाटला होता त्यांतली निम्मी कारणं आज टिकत नाहीत, आणि त्या निर्णयाची एक बाजू तर तेव्हा मला दिसलीच नव्हती. त्याबद्दल लिहायचं आहे.

आधी वाटेविषयी. अपॅलेचियन ट्रेल जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरावर सुरू होते आणि कटाडिनवर संपते. चौदा राज्यं, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. ‘सुमारे’ म्हणायचं, कारण दरवर्षी कुठे ना कुठे वाट थोडी सरकवली जाते आणि लांबी बदलते. झाडांवर आणि खडकांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले असतात, तेच वाटाडे. ही वाट एकाच वर्षात, एका दमात चालतात त्यांना थ्रू-हायकर म्हणतात. त्याला साधारण पाच ते सात महिने लागतात, आणि निघालेल्या चारांतला एखादाच शेवटाला पोचतो.

आम्हा पाचांपैकी कोणालाही सहा महिने मिळणार नव्हते. आम्ही सगळे एच-वन-बी व्हिसावर आलेले. नोकरी आणि देशातलं राहणं एकाच दोरीला बांधलेलं; एक सुटलं की दुसरं सुटतं. वर्षाला दोन आठवड्यांची रजा, त्यात भारताची फेरीही बसवायची. ट्रेलचे सव्वाशेच्या आत-बाहेर किलोमीटर न्यू जर्सीतून जातात आणि तिथे मराठी वस्ती भरपूर, म्हणून २००९च्या ऑक्टोबरात डेलावेअर वॉटर गॅपहून सनफिश पाँडपर्यंत सहज गेलो. हिमयुगातल्या बर्फाने कोरलेला तो तलाव. त्याच्या काठी दशम्या खाताना सांगलीकर म्हणाला, ‘ही वाट पुढं कुठं जाते रे?’ तिथून सुरुवात झाली. पुढच्या वर्षांत कधी दक्षिणेकडचा तुकडा, कधी उत्तरेकडचा, जशी रजा तशी वाट. नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांत खंड परिक्रमेची रीत आहे: जिथे थांबलात ती जागा लक्षात ठेवायची आणि पुढच्या खेपेला तिथूनच पाऊल उचलायचं. आमचं तसंच होतं.

ट्रेलवर प्रत्येकाला टोपणनाव पडतं. आम्ही एकमेकांना गावांवरूनच हाका मारायचो, तीच पक्की झाली: नाशिककर, सांगलीकर, पार्लेकर आणि फलटणकर. फलटणकर म्हणजे आमची मैत्रीण. मी कोल्हापूरचा.

तुकड्यांनी चाललेली वाट ‘खरी’ का, असं अनेकांनी आम्हाला विचारलं. विचारणारे बहुतेक कधी ट्रेलवर गेलेले नसत. ट्रेलची व्यवस्था पाहणारी अपॅलेचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी तसा भेद करत नाही. सगळी वाट चाललेल्याला ती ‘टू थाउजंड मायलर’ म्हणते. एका वर्षात चाला की वीस वर्षांत, कुठल्याही क्रमाने, कुठल्याही दिशेने. पुरावा मागत नाही. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते. आणि संपूर्ण वाट चाललेला पहिला माणूस, मायरन एव्हरी, हाही तुकड्यांनीच चालला होता. १९२१ साली बेंटन मकाय याने एका लेखात ह्या वाटेची कल्पना मांडली, पण ती जमिनीवर उतरवली एव्हरीने. सायकलचं चाक ढकलत तो वाट मोजायचा, स्वयंसेवकांना गोळा करायचा, राज्याराज्यांतल्या क्लबांशी भांडायचा. १९३६ पर्यंत त्याच्या पायाखालून सगळी वाट गेली होती. सलग वाट पुरी झाली १९३७ला. एका दमात ती चालायची ही कल्पना मकायच्या मूळ लेखात नव्हतीच. त्याला डोंगरात श्रमिकांसाठी वस्त्या हव्या होत्या, जिथे शहरातल्या माणसांनी यावं, राहावं, शेतात-जंगलात मिळून काम करावं. वाट ही त्या वस्त्यांना जोडणारा दोरा होती. दोरा राहिला, वस्त्या झाल्या नाहीत.

एका दमात चालण्याचा मान अर्ल शॅफरकडे जातो. ४ एप्रिल १९४८ला तो स्प्रिंगरपाशी नव्हे, तेव्हाच्या आरंभापाशी, माउंट ओगलथॉर्पवर होता. ५ ऑगस्टला कटाडिनवर. एकशेचोवीस दिवस. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला तरुण. त्याने ही वाट बालपणच्या मित्राबरोबर चालायचं ठरवलं होतं, आणि तो मित्र इवो जिमाच्या लढाईत मारला गेला. ट्रेलच्या इतिहासात शॅफरचं नाव एकट्या माणसाच्या पराक्रमाचं म्हणून येतं. मला मात्र त्याची कथा वाचताना नेहमी वाटतं की पहिला थ्रू-हाइक ही दोन मित्रांची ठरलेली वाट होती, आणि उरलेल्याने ती दोघांच्या वाटची चालून काढली. ही माझी समजूत आहे. पण पन्नास वर्षांनी, १९९८ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना तो तीच वाट तिसऱ्यांदा पूर्ण चालला, ते केवळ विक्रमासाठी असेल असं मला वाटत नाही.

ट्रेलवर एक वचन सारखं कानावर येतं: हाइक युअर ओन हाइक. तुमची चाल तुमची; कोणी किती वेगाने गेलं, कोणी किती ओझं घेतलं, यावरून स्वतःला किंवा दुसऱ्याला मोजू नका. अनोळखी माणसांत हे वचन सोन्यासारखं आहे. पहिल्याच आठवड्यात भेटलेली माणसं आठ-दहा दिवस बरोबर चालतात, त्यांचं कुटुंब जमतं, त्याला ते ट्रेल आणि फॅमिली जोडून ‘ट्रॅमिली’ म्हणतात, आणि मग कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचे पैसे संपतात, कोणाला घाई असते, आणि ते कुटुंब कुरबुर न करता सुटतं. हे सुटणं त्या वचनामुळेच शक्य होतं. त्यात मोठेपणा आहे.

पण जुन्या मित्रांना ते वचन पुरत नाही. उलट, त्याच्या आडून आम्ही एकदा फार वाईट वागलो.

२०११चा जून. पेनसिल्व्हानिया. पोर्ट क्लिंटनपासून उत्तरेकडे निघालो होतो. ह्या राज्यातले दगड ट्रेलवर बदनाम आहेत. सपाट जमीन म्हणून नाहीच. सुरीसारखे उभे दगड, प्रत्येक पाऊल निवडून टाकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिककराचा घोटा मुरगळला. ‘काही नाही, तुम्ही व्हा पुढे,’ तो म्हणाला. आम्ही झालो पुढे. मनात तेच वचन होतं: त्याची चाल त्याची. शेल्टरला आम्ही चारच्या सुमाराला पोचलो, चुली पेटवल्या, मेतकूट-भात केला, हसलो-बोललो. तो आला तेव्हा साडेसात झाले होते. सुजलेला पाय बुटात मावत नव्हता, म्हणून नाडी सोडून चालत आला होता. शेवटच्या दोन तासांत त्याचं पाणी संपलं होतं. कोणावर रागावला नाही. ताट घेतलं, जेवला, झोपला. रात्री कोणीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी वाट सोडून रस्त्याला लागलो आणि घरी आलो. नंतर चार महिने आमच्यात नेहमीसारखे फोन होत राहिले, पण पुढच्या तुकड्याचा विषय कोणी काढेना.

तो काढला फलटणकरने, दिवाळीच्या फराळाला आम्ही तिच्याकडे जमलो तेव्हा. माउलींची पालखी दरवर्षी फलटणला विमानतळाच्या मैदानावर उतरते. तिचं सगळं बालपण त्या तळावर गेलेलं. ती म्हणाली, ‘तुम्हाला समाजआरती ठाऊक आहे का? संध्याकाळी सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. मग चोपदार दंड वर करतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर तिचे टाळ थांबत नाहीत. वाजतच राहतात. मग चोपदार तिथे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो, आणि मगच पुढचं. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथेच पुकारतात.’ मग ती नाशिककराकडे वळून म्हणाली, ‘त्या रात्री तुझे टाळ वाजायला हवे होते. आणि आम्ही ते वाजू दिले नाहीत.’

मी लहानपणापासून वारीविषयी ऐकलेलं होतं: समता, भक्ती, शिस्त. तक्रारीला तिथे राखीव जागा आहे, ती सुद्धा रोज, ठरलेल्या वेळी, हजारो माणसांसमोर, हे मला पस्तिशीत न्यू जर्सीत कळलं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, अडीच-तीन आठवडे, ऊन-पाऊस, अपुरी झोप, लाखो माणसं. एवढा समुदाय शेकडो वर्षं एकत्र चालत पोचतो, त्यामागे भक्ती आहे हे खरंच. पण नुसत्या भक्तीवर एवढा लोंढा संध्याकाळी एका ठिकाणी उतरून सकाळी पुन्हा रांगेत निघत नाही. कोणी कुठे चालायचं हे ठरलेलं आहे, दिंड्यांना क्रमांक आहेत, आणि खटकलं तर ते वाजवून सांगायची सोय आहे.

मित्रांत अशी सोय नसते. मैत्री आहे म्हणजे सांगावं लागणार नाही, असं आपण धरून चालतो. आणि आपल्याकडे भीड असते. भीड भिकेची बहीण, असं म्हणतात ते व्यवहाराविषयी. डोंगरात भीड त्याहून महाग पडते.

त्या दिवाळीपासून आम्ही दोन गोष्टी पाळल्या. जो सगळ्यात हळू असेल तो पुढे चालायचा, बाकीचे मागे. म्हणजे कोणाला मागे सोडणं शक्यच राहत नाही. आणि संध्याकाळी चूल पेटवण्याआधी एकाने विचारायचं: टाळ वाजताहेत का? विचारलं की प्रत्येकाने उत्तर द्यायचंच. पहिल्या काही खेपांना अवघड गेलं. ‘काही नाही’ हे उत्तर आम्ही लगेच मान्य करायचो नाही, दुसऱ्यांदा विचारायचो. मग हळूहळू बोलणं सुरू झालं: तू सकाळी फार वेळ घेतोस. माझ्या वाटचं तूपही तूच संपवलंस. मला आज चालायचंच नव्हतं, घरून फोन आला होता. ह्या बोलण्यांतलं जवळजवळ काहीच मोठं नव्हतं. पण न बोललेलं काय होतं ते आम्ही पेनसिल्व्हानियात पाहिलं होतं.

आता ह्याच्या विरुद्ध बाजूने जे म्हणता येतं तेही मांडायला हवं, कारण त्यात दम आहे.

१९५५ साली एमा गेटवुड ही सदुसष्ट वर्षांची बाई घरी ‘फिरायला जाते’ म्हणून निघाली आणि सगळी अपॅलेचियन ट्रेल एकटी चालली. अकरा मुलांची आई. पायात कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी. आदल्या वर्षी मेनमध्ये वाट चुकून तिला परतावं लागलं होतं. ती पुन्हा निघाली. नवऱ्याने तिला वर्षानुवर्षं मारलं होतं. अशा बाईला मी सांगणार का, की सोबतीने चालण्यात जास्त अर्थ आहे? एकटीने, कोणाच्याही वेगाचा विचार न करता, भूक लागली की खावं आणि झोप आली की झोपावं, हे तिला त्या वाटेवर मिळत होतं. फलटणकरने मला एकदा सांगितलं की आमच्या गटात ती मोकळी होती, तरी दोनदा तिने मुद्दाम एकटीने तीन-तीन दिवसांचे तुकडे चालून घेतले. ‘तुमच्यात असते तेव्हा मी कोणाची तरी मैत्रीण असते,’ ती म्हणाली. हे मी मान्य करतो. एकट्याची वाट कमी प्रतीची नाही. ती निराळी वाट आहे आणि काहींना तीच हवी असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. गट माणसाला बळ देतो तसा आंधळाही करतो. न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन्समध्ये झाडांची हद्द संपते तिथे वन खात्याच्या पिवळ्या पाट्या आहेत: पुढे अमेरिकेतलं सगळ्यात वाईट हवामान आहे, उन्हाळ्यातही इथे माणसं मेली आहेत, हवा बिघडत असेल तर आत्ताच परत फिरा. माउंट वॉशिंग्टनवर १९३४ साली ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला होता. २०१८च्या ऑगस्टात आम्ही त्या पाटीपाशी उभे होतो आणि पश्चिमेकडून ढग येत होते. मला परत फिरायचं होतं. मी बोललो नाही, कारण सांगलीकराने भारताची फेरी रद्द करून ही रजा काढली होती. नंतर कळलं की सांगलीकरालाही परतायचं होतं. तो माझ्यासाठी गप्प होता. पार्लेकर आम्हा दोघांसाठी. तिघंही दुसऱ्याचं मन राखण्यासाठी वादळात शिरायला निघालो होतो. फलटणकर पाटीसमोरच खाली बसली आणि दोन दगड घेऊन एकमेकांवर वाजवू लागली. टक, टक, टक. आम्ही परत फिरलो. तासाभरात वर काय झालं ते आम्ही खालच्या झाडांत बसून ऐकलं.

एकटा माणूस कदाचित त्या पाटीवरून लगेच फिरला असता. त्याला कोणाची भीड नसती. म्हणजे संकट आमच्या सोबतीनेच ओढवून घेतलं होतं आणि सोबतीतल्याच एका रीतीने टळलं. रीत नसती तर? ह्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून नव्या गटांना मी आधी चालायला सांगत नाही. आधी भांडायला शिका, म्हणतो.

आता नाशिककराकडे येतो. २०१६ साली त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तो कुटुंबासह परत गेला. ग्रीन कार्डच्या रांगेत त्याची बरीच वर्षं उभं राहण्यात गेली होती. ती रांगही सुटली. तोपर्यंत तो न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हानिया, मेरीलँड आणि व्हर्जिनियाचा काही भाग आमच्याबरोबर चालला होता. निम्म्याहून कमीच. न्यू यॉर्कमध्ये बेअर माउंटनला ट्रेल चक्क एका छोट्या प्राणिसंग्रहालयातून जाते आणि तिथेच सगळ्या वाटेवरची सर्वांत कमी उंची आहे. त्या जागी त्याच्या धाकट्या मुलीला खांद्यावर घेऊन काढलेला आमचा फोटो आजही माझ्या टेबलावर आहे.

तो गेल्यावर चौघं चालत राहिलो. २०२०च्या वसंतात कॉन्झर्व्हन्सीने सगळ्यांना ट्रेलपासून दूर राहायला सांगितलं, ते वर्ष गेलं. मग मेन. महूसक नॉच ही दीडेक किलोमीटरची घळ. घराएवढे दगड, त्यांच्या खालून, वरून, मधून सरपटत जायचं, पाठपिशव्या हातोहात पुढे द्यायच्या. ट्रेलवरचा सगळ्यात अवघड मैल म्हणतात तिला. तिथे आम्ही चौघं होतो, पण प्रत्येक पिशवी देताना पाचवा हात शोधला जायचा. पुढे केनेबेक नदी. ती पायी ओलांडायची नसते. नावाडी कनूतून पलीकडे नेतो आणि त्या कनूच्या तळाशीही पांढरा पट्टा रंगवलेला आहे, म्हणजे नावेत बसून गेलात तरी तुम्ही ट्रेलवरच असता. आम्हाला दोन खेपा लागल्या. पहिल्या खेपेला गेलेले दोघं पलीकडच्या काठावर उभे राहून वाट पाहत होते. तिथेच शेवटचा डोंगर नाशिककरासाठी ठेवायचा विषय निघाला.

त्याला फोन केला तेव्हा तो नाही म्हणाला. ‘मी दक्षिण चाललेलो नाही, मेन चाललेलो नाही. शेवट माझा नाही.’ त्याचं म्हणणं सरळ होतं: जो वाट चालला नाही त्याला माथ्याचा हक्क नाही. ह्यावर आम्ही त्याला आठवडाभर पटवत राहिलो, आणि माझं मत तिथेच तयार झालं. हक्काचा हिशोब एकेकट्याच्या पावलांचा आहे. तो कॉन्झर्व्हन्सीच्या अर्जावर मांडायचा आणि तिथे प्रामाणिक राहायचं. पण आमची पाच जणांची वाट त्या अर्जावर मावत नव्हती. मराठीत सोबत ‘करतात’, ‘देतात’. रात्री म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी कोणी सोबतीला झोपतं, नव्या सुनेला सोबत म्हणून धाकटी नणंद माहेरी जाते. सोबत ही दुसऱ्यासाठी केलेली गोष्ट आहे; तिच्यात आपण किती चाललो याची नोंद नसते. नाशिककराने सात वर्षं आम्हाला सोबत केली होती. पेनसिल्व्हानियात आम्ही ती त्याला नाकारली होती. शेवटचे आठ किलोमीटर त्याच्याबरोबर चालणं हे त्याच्यावर उपकार नव्हते, त्याचं येणं होतं.

शेवटी तो म्हणाला, ‘येईन. पण अर्ज भरणार नाही.’

इथपर्यंत सगळं सुंदर वाटतं, आणि म्हणूनच पुढचं सांगणं मला आवश्यक वाटतं. ओढ्यात पाय बुडवून बसलो होतो त्या दिवशी चारांपैकी तिघांना थांबायचं होतं. पार्लेकराला नव्हतं. तो सत्तावन्न वर्षांचा होता, उजव्या गुडघ्यातली गादी झिजलेली होती, आणि डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की पुढच्या वर्षी हा गुडघा असाच असेल याची खात्री नाही. आदल्या संध्याकाळी टाळांचा प्रश्न विचारला तेव्हा तो बोलला: ‘माझे वाजताहेत. मला उद्या वर जायचंय. माझ्याकडे पुढचं वर्ष नाही.’ आम्ही ऐकलं. तासभर बोललो. आणि तिघांच्या मताने थांबलो. तोही मग काही न बोलता थांबला.

रीत पाळली गेली, तक्रार ऐकली गेली, आणि तरीही निवाडा ज्याच्या विरुद्ध गेला त्यालाच त्याची सगळ्यात जास्त किंमत द्यावी लागणार होती. मला थांबण्यासाठी काय पडलं? एक वर्ष. सांगलीकराला? विमानाचं तिकीट. पार्लेकराला त्याचा गुडघा. त्या वेळी मी ‘आपण थांबलो’ असं म्हणत होतो. थांबणारे चार होते, पण सोसणारा एक होता. मित्रांच्या गटात त्यागाची गोष्ट निघते तेव्हा ‘आपण’ हा शब्द फार सहज वापरला जातो, आणि तो वापरणारा बहुधा स्वस्तात सुटलेला असतो. आज तोच निर्णय करायचा असता तर मी आधी पार्लेकराला वर नेलं असतं, आणि वर्षाने नाशिककराबरोबर पुन्हा गेलो असतो. डोंगर एकदाच चढता येतो असा काही नियम नव्हता. तेव्हा ते सुचलं नाही, कारण ‘सगळ्यांनी एकदम’ ह्या चित्राच्या आम्ही प्रेमात होतो. नाशिककराचं येणं हवं होतं हे खरंच. पण त्यासाठी पार्लेकराचं जाणं अडवायची गरज नव्हती.

नाशिककराचा व्हिसा पुढच्या वसंतात आला. २०२३च्या सप्टेंबरात पाचही जण पायथ्याशी होतो.

पहाटे पाचला निघालो. हळू चालणारा पुढे, ही रीत. म्हणून पार्लेकर पुढे. धबधब्यापर्यंत झाडीतली वाट, मग झाडं बुटकी होत जातात आणि सरळ कड्यासारखी धार लागते. तिथे हाताला धरायला लोखंडी गज ठोकलेले आहेत. पार्लेकर एका गजाशी थांबला, गुडघ्याला हात लावला, वर पाहिलं. मागे आम्ही चौघं एका ओळीत, कोणी काही म्हणालो नाही. नाशिककर त्याच्या लगेच मागे होता. त्याने खालून हात देऊन पार्लेकराचा पाय एका खोबणीत टेकवला. मग दुसरा. असं बराच वेळ. धार संपल्यावर वर सपाट पठार लागतं, टेबललँड म्हणतात त्याला, दगड आणि बुटकं गवत, आणि दूरवर माथा. लेखक थोरोच्या नावाचा एक झरा आहे तिथे. १८४६ साली तो ह्याच डोंगरावर आला होता आणि ढगांमुळे माथ्यावर न जाता परतला. आमच्या दिवशी ढग नव्हते.

माथ्यावरच्या लाकडी पाटीला पहिला हात पार्लेकराचा लागला, कारण तो पुढे होता. मग नाशिककराचा. त्या दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आम्ही तिघं बाजूला उभे राहिलो. हा डोंगर ज्यात येतो त्या बॅक्स्टर पार्कात गोंगाट करू नये आणि दारू पिऊ नये असा नियम आहे. आम्हाला दोन्हीची गरज वाटली नाही. फलटणकरने तिच्या आईने पाठवलेली दाण्याची चटणी काढली, सांगलीकराने भाकरी, आणि बाजूला बसलेल्या एका मुलीला, जी जॉर्जियापासून एका दमात एकटी चालत आली होती, आम्ही भाकरी दिली. ती रडत खात होती. तिच्याबरोबर कोणी नव्हतं आणि तिला कोणाची उणीव होती असंही दिसत नव्हतं.

उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला. खाली पोचलो तेव्हा अंधार झाला होता, डोक्याला लावलेल्या दिव्यांत पाच पावलं एकामागून एक दिसत होती. तीन महिन्यांनी पार्लेकराच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती २०२२ला वर गेला असता तरी झाली असती, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना तो प्रश्न विचारला होता.

आम्ही चौघांनी अर्ज भरले. नाशिककराने भरला नाही, पण तो त्याच्या वाटची दक्षिण आता चालणार आहे का, असं मी विचारलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला की आधी तुम्ही इकडे या. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते, वीसेक किलोमीटर, अनवाणीही चालतात लोक. त्याच्या वडिलांना आता काठीने अंगणापर्यंत जाता येतं; त्यांना सगळ्यांना भेटायचं आहे. मी ते आमच्या फोनवर सगळ्यांना सांगितलं. रजा कोणाला किती, तिकिटं केव्हाची, असं बोलणं सुरू झालं. सगळ्यात शेवटी पार्लेकर बोलला.

‘येतो,’ तो म्हणाला. ‘पुढे मी चालेन.’